हळकुंड मोडून, पुडी न विचारता

हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीचा व्यापारी हळकुंड मोडल्याशिवाय भाव बोलत नाही. कटकन मोडतं का, आतून रंग कसा, ओल तर नाही ना, सगळं बघून मग तोंड उघडतो. तोच गृहस्थ संध्याकाळी स्टँडजवळच्या भिंतीवर 'नशामुक्ती! रुग्णाच्या नकळत! शंभर टक्के वनौषधी!' वाचतो आणि मोबाइल नंबर उतरवून घेतो. पार्सल येतं. पुडीवर ना परवाना क्रमांक, ना घटक, ना तारीख. आत भुरकट भुकटी, वास ओव्याचा. घरातलं पोरगं खोकल्याच्या बाटल्यांवर जगतंय. त्यात कोडीन, म्हणजे अफूचीच लेक. आई भुकटी वरणात कालवते. हळद चिमटीनं, ही मात्र चमचाभर.

"झाडपाल्याचं आहे, अपाय नाही." अहो, मग अफू काय कारखान्यात उगवते? औंढ्याला नागनाथाला आपण धोतरा वाहतो, पण प्रसाद म्हणून तो कुणी खात नाही. बिब्बा शुद्ध केल्याशिवाय वैद्य पोटात देत नाही. आयुर्वेदातल्या कामिनी विद्रावण रसात तर अफूच असते. तिकडे अमेरिकेत अफूची सवय सुटावी म्हणून लोक क्रॅटमचा पाला घेतात. आग्नेय आशियातलं हे झाड आपल्या कळंबाच्या भावकीतलं. पण सोडवायला आणलेल्या या पाल्याचंही व्यसन लागतं.

आता डॉक्टरची गोळी. ब्युप्रेनॉर्फिन, जिभेखाली विरघळवायची. मेंदूतली अफूची खुर्ची ती अडवून बसते, पण कारभार अर्धाच करते. (असे लोक आपण निवडूनही देतो.) त्यामुळे नशा तोडल्यावरची अंगदुखी, घाम, जुलाब आवरतात आणि झिंग एका मर्यादेपुढे चढत नाही. 2005 पासून ती जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. तिचीही सवय लागू शकते, म्हणून 1985 च्या अमली पदार्थ कायद्याचा पहारा. चिठ्ठीशिवाय मिळत नाही.

यावर आमचे मामा खवळले. "एक नशा सोडवून दुसरी लावतात हे डॉक्टर! वर शंभर प्रश्न विचारतात." मी पुडीकडे बोट दाखवून विचारलं, "मामा, हिच्यात काय आहे?"

मामा आदरानं म्हणाले, "ते गुप्त असतं."

नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446 आहे, पैसे पडत नाहीत. फोन पोराला शेजारी बसवून लावा, नकळत नको.