कोंबडीचे शास्त्रीय योगदान

ग्राफीन हा मुळात साधासुधा पदार्थ. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटचा एकुलता एक पापुद्रा, जाडी एका अणूची. २००४ मध्ये मँचेस्टरच्या आंद्रे गाइम आणि कोन्स्तांतिन नोव्होसेलोव्ह यांनी तो चक्क चिकटपट्टीने सोलून काढला आणि २०१० चे नोबेल पटकावले. पुढे मात्र या गरीब बिचाऱ्याला कोणी सुखाने राहू दिले नाही.

अर्थात संशोधकांचीही अडचण होती. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज करणाऱ्या इंधनघटात उत्प्रेरक म्हणून प्लॅटिनम वापरतात, आणि त्याचा भाव ऐकला की घाम फुटतो. ते काम कार्बनने केले तर सोन्याहून पिवळे! पण नुसते ग्राफीन कामाला तसे आळशीच. मग कोणी त्यात नायट्रोजन घातला, काम सुधारले. कोणी बोरॉन, कोणी गंधक, कोणी फॉस्फरस, तरी सुधारले. मग दोन-दोन मूलद्रव्यांच्या जोड्या जमू लागल्या. दर सुधारणेमागे एक शोधनिबंध ठरलेला.

हे आपल्या घरच्या काढ्यासारखेच झाले. आजी गवती चहा घालते, काकू ज्येष्ठमध, शेजारीण आणखी काही. सर्दी आपल्या पायांनी निघून जाते आणि श्रेय ज्याच्या त्याच्या पुडीला मिळते.

संशोधक मार्टिन पुमेरा यांना या श्रेयाची शंका आधीपासूनच होती. ग्राफीनसाठी आधी ग्राफीन ऑक्साइड करताना बऱ्याचदा पोटॅशियम परमँगनेट वापरतात. त्यातले मँगनीज कितीही धुतले तरी किंचित मागे उरते. ‘धातूविरहित’ म्हणून मिरवणाऱ्या उत्प्रेरकात खरे राबणारे हे चोरपावलांनी शिरलेले धातूच असू शकतात, हे त्यांच्या गटाने पूर्वीच दाखवले होते. २०२० मध्ये लू वांग आणि झ्देनेक सोफर यांच्यासह त्यांनी ‘एसीएस नॅनो’ या नामांकित नियतकालिकात थेट विचारले, की ग्राफीनमध्ये कसलीही घाण कालवली तरी ते सुधारेल का? आणि कालवायला घेतली कोंबडीची विष्ठा. नायट्रोजन, फॉस्फरस, गंधक, सगळा माल एकाच ठिकाणी, तोही जवळपास फुकट.

मात्र थट्टा अगदी सोवळ्यात केलेली. विष्ठा ग्राफीन ऑक्साइडमध्ये मिसळून तापवली, तुलनेला बिनविष्ठेचे ग्राफीन ठेवले, दोघांचे विद्युतप्रवाह मोजले, आलेख काढले. विष्ठावाले ग्राफीन सरस ठरले! शिवाय हिशेबही मांडला: वापरण्याजोगी मूलद्रव्ये ८४. म्हणजे एकेकटी घातली तर ८४ निबंध, जोड्यांचे ३,४८६, त्रिकुटांचे ९५,२८४ आणि चौकड्यांचे एकोणीस लाखांवर. पिढ्यानपिढ्या बसून खाता येईल एवढी ही इस्टेट.

मला मौज वाटते ती या टवाळीच्या शिस्तीची. नुसता खवचट लेख लिहिला असता तर लोकांनी हसून पान उलटले असते. आलेखांपुढे मात्र हसून सुटका नाही. आता कोणी ‘आमचे ग्राफीन सुधारले’ म्हणत आला, की त्याला विचारता येते, ‘कशामुळे सुधारले? आणि कोंबडीपेक्षा किती?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याकडे असेल, त्याला दुसऱ्याचा राग यायचे कारण नाही.