डॉक्टरांची गाडी

सेकंडहँड गाड्यांच्या बाजारात जवळजवळ प्रत्येक गाडी डॉक्टरांची असते. ‘सिंगल हँड आहे साहेब, घर ते दवाखाना, बाकी कुठे नाही,’ असं एजंट सांगतो, तेव्हा महाराष्ट्रात व्हिजिटला जातं तरी कोण, असा प्रश्न पडतो. उरलेल्या गाड्या निवृत्त बँक मॅनेजरांच्या. त्या फक्त चतुर्थीला गणपतीला गेलेल्या असतात. घाटात तापलेली, वऱ्हाडाची आठ माणसं कोंबून नेलेली गाडी विकायला म्हणून कधी येतच नाही.

आपणही भाबडेच. बॉनेटखालचं काही कळत नाही, म्हणून जे वाचता येतं ते वाचायचं. मीटरवर पस्तीस हजार दिसले की चेहरा खुलतो. एक लाख दहा हजार दिसले की सोबत आलेले काका डोळ्यांनीच ‘निघू या’ म्हणतात.

इंजिनाचा हिशेब मात्र काकांना ठाऊक नसतो. ते थंड असताना सुरू होतं तेव्हाच जास्त झिजतं. दोन किलोमीटरवरच्या दवाखान्यापर्यंत ते धड तापतही नाही. ऑइलमध्ये उतरलेला ओलावा उडत नाही, सायलेन्सर आतून गंजू लागतो, बॅटरी पुरती चार्ज होत नाही. बीएस-६ डिझेल असेल तर फिल्टर काजळीने तुंबतो. याउलट रोज द्रुतगती मार्गाने पुणे-मुंबई करणारी गाडी वरच्या गिअरमध्ये निवांत पळते आणि तिच्या क्लचला घाईघाईने पाय लागतो तो टोलनाक्यावर. रोज पर्वती चढणारे पंच्याहत्तरीचे आजोबा आणि सोफ्यावरून न उठणारा चाळिशीचा मुलगा यांच्यात गुडघे कोणाचे कुरकुरतात, हे आपल्याला घरबसल्या ठाऊक असतं. गाडीपाशी उभं राहिलं की विसरायला होतं.

अमेरिकेत लाँग आयलंडवरचे शिक्षक अर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ साली एक व्होल्वो घेतली आणि २०१३ मध्ये तिचे तीस लाख मैल, म्हणजे सुमारे अठ्ठेचाळीस लाख किलोमीटर पुरे केले. गुपित काय, तर कंपनीने सांगितल्या वेळी सर्व्हिसिंग आणि ऑइल बदलणं. आपल्या एजंटने ती डॉक्टरांची म्हणून कशी खपवली असती, याचं मला कुतूहल आहे.

अर्थात त्याच्याकडे उपाय आहे. मीटर मागे घेणारे कारागीर पूर्वी केबल सोडवत, आता लॅपटॉप जोडतात. पण ते पेडलचं रबर विसरतात. तीस हजार चाललेल्या गाडीचं ब्रेक पेडल गुळगुळीत कसं? वीस हजारांतच चारही टायर नवे का? टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. एजंटपेक्षा टायर कमी बोलतो, पण खरं बोलतो. आणि गाडी नुसती उभी असली तरी होज पाइप आणि बेल्ट यांचं वय थांबत नाही.

तेव्हा सर्व्हिसिंगचे कागद नसलेली चाळीस हजार किलोमीटर चाललेली गाडी आणि बिलांच्या फाइलसकट आलेली सव्वा लाख किलोमीटर चाललेली गाडी यांत निवड करायची झाली, तर दुसरी घ्या. क्लच प्लेट, सस्पेन्शन, टायमिंग बेल्ट यांचा खर्च किमतीतून आधी वजा करा. आणि काकांना हौसेने न्याच, पण शेजारी एक मेकॅनिक बसवा.