श्श!

किनारी पक्षीनिरीक्षक हा हिवाळ्यात कोकणात उतरणारा, बहुधा निवृत्तीला टेकलेला गृहस्थ. नोव्हेंबर ते मार्च या काळात अलिबागजवळच्या अक्षीच्या पुळणीवर तो हमखास सापडतो. लाँचने मांडव्याला उतरून अलिबागकडे निघालं की वाटेत चोंढीला किहीमचा फाटा लागतो. १९३०च्या सुमारास सालीम अलींनी याच किहीमला सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला, हे तो तिथे सहप्रवाशांना सांगतो. परतताना पुन्हा सांगतो. सहप्रवासी तेच असले तरी सांगतो.

ऐन दुपारी उन्हात उभं राहण्यामागे भरतीचं गणित असतं. ओहोटीला पाणी दूर जातं आणि चिखलात चरणारे पक्षी नुसते ठिपके दिसतात. भरती चढू लागली की तेच पक्षी मागे सरकत सरकत कोरड्या वाळूवर दाटीने येऊन उभे राहतात. भरतीची वेळ तो मोबाइलवर तीनतीनदा बघतो. किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्यांना मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की साधारण वेळ निघते, म्हणजे चतुर्थीला तीन. संकष्टीला आलेल्या निरीक्षकाला त्यामुळे भरती तीनला मिळते आणि जेवण चंद्रोदयानंतर.

नेमका त्याच सुमारास जमीन तापून समुद्रावरून खारा वारा सुटतो. टोपी उडते, तिपाई थरथरते आणि दहापट मोठं दाखवणारी दुर्बीण ती थरथरही दहापट मोठी करून दाखवते. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उभे राहतात. त्यामुळे पिसं विस्कटत नाहीत, उडायलाही सोपं जातं. निरीक्षक वाऱ्याकडे पाठ करून डोळ्यांतली वाळू काढत असतो. लाटांची गाज, सुरूच्या बनाचा घोंघाट, शर्टाची फडफड, शेजारच्याला ओरडून सांगितलेलंही ऐकू जात नाही, अशा वेळी तो ओठांवर बोट ठेवून म्हणतो, "श्श!"

हा श्श सर्वांना समान लागू आहे. घोडागाडीवाला, शहाळीवाला, चिवड्याची पिशवी उघडणारी बायको, कुणीही त्यातून सुटत नाही. पिशवी तर त्याच्याच आग्रहाने बरोबर घेतलेली असते. सुरूच्या बनाकडे वळून श्श केल्याचीही उदाहरणं आहेत.

वास्तविक उघड्या किनाऱ्यावरचे पक्षी बोलण्यापेक्षा हालचालीला अधिक बिचकतात, आणि रोजच्या माणसांना तर ते सरावलेलेही असतात. होडीशेजारी जाळं झटकणारे कोळी एकमेकांना मोठमोठ्याने हाका मारत असतात आणि कुरव त्यांच्यापासून हातभर अंतरावर फेकलेल्या मासळीवर भांडत असतात. निरीक्षक मात्र तिपाई खांद्यावर टाकून अत्यंत मूकपणे चार पावलं पुढे जातो आणि अख्खा थवा उडतो. तेव्हा तो मागे वळून विचारतो, "कोण बोललं?"

ओळख पटवणं हा दुपारचा मुख्य भाग. त्यासाठी एखादा भाचा सोबत आणलेला असतो.

"मामा, तो कुठला?"

"काळ्या डोक्याचा कुरव."

"डोकं तर पांढरं आहे."

"हिवाळ्यात पांढरंच असतं. डोळ्यामागचा काळा ठिपका बघ."

"मग काळं कधी होतं?"

"इथून जायच्या सुमारास."

"म्हणजे आपल्याकडे असतो तेव्हा..."

"श्श!"

मोठ्या कुरवांचं प्रकरण याहून अवघड, कारण त्यांना प्रौढ पिसारा यायला चारेक वर्षं लागतात आणि दर वर्षी रूप पालटतं. चिखल्यांबद्दल तर विचारूच नये. शास्त्रज्ञांनी अलीकडे छोट्या वाळू-चिखल्याच्या दोन जाती केल्या, एक सायबेरियन आणि एक तिबेटी. तेव्हापासून निरीक्षकाची झोप उडाली आहे.

एवढं असलं तरी जानेवारीतली आशियाई पाणपक्षी गणना याच माणसाच्या पायांवर उभी आहे. १९८७पासून ती चालू आहे आणि तिचा मोठा भार स्वयंसेवकच वाहतात. मानधन नाही, उलट लाँचचं तिकीट खिशातून. तो दहादहाच्या गटांनी थवा मोजत जातो. तीनशे ऐंशीला आला की कुत्रं धावतं, थवा उडतो, दूर जाऊन बसतो. तो तिपाई उचलून पुन्हा दहापासून सुरुवात करतो. तिसऱ्यांदाही करतो. अंदाजे चारशे लिहून मोकळं व्हायला त्याला कुणी अडवलेलं नसतं. तो तसं लिहीत नाही, हे कबूल करावं लागतं.

त्याच्या वहीत शेऱ्याचा रकाना असतो. जुन्या वह्यांत तिथे 'दोन समुद्रगरुड', 'कालवफोड्या, एकच' असं बारीक अक्षरात आहे. अलीकडच्या वह्यांत 'जीप', 'पुन्हा जीप', 'वाळूवरच्या भाड्याच्या मोटारी' असं आहे. जीपवाल्याला तो श्श करत नाही. जीपवाला कुणाचा तरी पुतण्या असतो, आणि निरीक्षकाला संध्याकाळची शेवटची लाँच गाठायची असते.

संध्याकाळी लाँचवर बसून तो आकडे नीट उतरवून काढतो. ज्यांची जात ठरली नाही ते चिखले 'जात अनिश्चित' म्हणून वेगळे लिहितो. ही यादी एरवी कुणी वाचत नाही. किनाऱ्यावर एखादा बंधारा किंवा रिसॉर्ट यायचं ठरलं आणि इथे पक्षी होते याला पुरावा काय, असं बैठकीत कुणी विचारलं, की मग ती शोधली जाते. तिच्यासह तो त्या बैठकीत उभा राहतो आणि चिखल्यांच्या दोन जातींपासून सुरुवात करतो. पाच मिनिटांनी अध्यक्ष त्याला खाली बसायला सांगतात.