झाडीत तबकडी फेकण्याची शास्त्रोक्त पद्धत

डिस्क गोल्फ कागदावर फार सोपा आहे. चेंडूऐवजी प्लॅस्टिकची तबकडी, काठीऐवजी आपला हात आणि भोकाऐवजी वर साखळ्या लोंबणारी लोखंडी टोपली. कमीत कमी फेकींत तबकडी टोपलीत घालायची. मोकळ्या मैदानावर हे कुणालाही जमतं, म्हणून त्यावर मार्गदर्शनाची गरज नाही. गरज आहे ती अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटसारख्या गावी. २०१२ची जागतिक स्पर्धा भरली होती ते हे गाव. तिथल्या सार्वजनिक बागांमधले बरेचसे कोर्स पाइन, ओक आणि स्वीटगमच्या झाडीतून काढलेले आहेत. त्यातल्या एखाद्याला ‘नवशिक्यांसाठी आणि मध्यम खेळाडूंसाठी योग्य’ असं प्रशस्तिपत्र मिळालेलं असतं. झाडांना मात्र ते कुणी वाचून दाखवलेलं नसतं.

आधी पेहराव. लांब पँट घालावी आणि ती मोज्यांत खोचावी. दिसायला वाईट दिसतं, पण गोचिडींना त्याचं सोयरसुतक नसतं. पॉयझन आयव्ही नावाची एक वेल तिथे जागोजागी आहे. तिला तीन-तीन पानं येतात आणि तिला हात लागला की पुढे कित्येक दिवस खाजणारे फोड येतात. त्रिदळ दिसलं की बेलाच्या सवयीने मराठी हात आपोआप पुढे जातो. तो आवरावा.

आता सामग्री. तबकडीवर चार आकडे छापलेले असतात. पहिला वेगाचा, दुसरा ती किती तरंगेल याचा आणि उरलेले दोन ती कुठे वळेल याचे. जवळून टोपलीत टाकायच्या तबकडीचा, म्हणजे पटरचा, वेग दोन-तीन असतो, लांब फेकायच्या मोठ्या ड्रायव्हरचा बारा-तेरा. नवशिक्याने दुकानात जाऊन तडक तेराची उचलावी. ती सरळ उडायला हातात जेवढा झटका लागतो तेवढा आपल्याकडे नसतो, पण हे दुकानदाराला कळायचं कारण नाही. उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली अशी तबकडी थोडं अंतर शहाण्यासारखी जाते आणि मग डावीकडे वळून झाडीत शिरते. वास्तविक झाडीतले सोपे टप्पे (होल्स) दोनशे ते तीनशे फुटांचे. त्यांना पटर आणि मधल्या पल्ल्याची एखादी मिडरेंज पुष्कळ झाली. हे सगळ्यांना आधीच माहीत असतं आणि आठव्या झाडानंतर मान्यही होतं.

या खेळातली जुनी मंडळी नवख्यांना धीर देताना सांगतात, की झाड म्हणजे नव्वद टक्के हवा. हिशेब बरोबर असावा. उरलेल्या दहा टक्क्यांशी मात्र पहिल्याच दिवशी घरोबा होतो.

त्यातही घात करतं ते टीपासून, म्हणजे पहिल्या फेकीच्या जागेपासून, वीस-पंचवीस फुटांवरचं झाड. दोनशे फुटांवरच्या खोडाला तबकडी आपटली तर निदान ती टोपलीच्या आसपास पडते. जवळच्या खोडाला आपटली की ती आपल्या पाठीमागेही येऊ शकते. म्हणून जाणकार टोपलीकडे बघतच नाहीत. ते जवळची फट निवडतात आणि तिच्यातून हळू, सपाट फेकतात. पुढचं पुढे. आपण मात्र टोपलीकडेच बघावं, पूर्ण ताकद लावावी आणि फेकून झाल्यावर हाताकडे संशयाने पाहावं.

तबकडी झुडपात गेल्यावर खेळाला खरी सुरुवात होते. इथे दोन मार्ग असतात. एक, आडवी फेक करून मुकाट्याने वाटेवर यायचं. दुसरा, पाच खोडांच्या पलीकडे वहीएवढी फट दिसते, तिच्यातून थेट टोपली गाठायची. स्वाभिमानी माणूस दुसराच घेतो. सहा महिन्यांसाठी आलेले सासरे बरोबर असतील तर त्यांना पुढे उभं करावं. (खेळायला पैसे पडत नाहीत हे कळल्यापासून त्यांचा या खेळाबद्दल आदर वाढलेला असतो.) ते न चुकता सांगतात, “जावईबापू, डावीकडेच गेली हो. मघासारखीच.” यावर “वारा आहे” म्हणावं. झाडीत वारा नसतो, पण सासरे पाहुणे आहेत, ते वाद घालत नाहीत.

नियम थोडे आणि निष्ठुर आहेत. आपली पाळी आली की फेकायला तीस सेकंद मिळतात. आड येणारी फांदी मोडता येत नाही, ओढून धरता येत नाही. तिच्याखाली गुडघा टेकून फेकायला परवानगी आहे आणि बरेचदा तोच उपाय उरतो. तबकडी फांदीवर अडकली तर तिच्या बरोबर खालच्या जमिनीवरून पुढे खेळायचं. ती खाली कशी आणायची हा प्रश्न नियमांच्या कक्षेबाहेरचा. हरवली तर तीन मिनिटं शोधायची, नंतर एक फेक दंड आणि पुन्हा जुन्या जागेवरून.

हे सगळं एड हेड्रिक यांच्यामुळे. फ्रिस्बी सुधारणाऱ्या या गृहस्थांनी १९७५मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमचा कोर्स आखला. साखळ्यांची टोपलीही त्यांचीच. २००२मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा मिसळून तबकड्या घडवल्या गेल्या. त्यातली एखादी कुणी फेकून झाडावर अडकवली, तर कावळ्याची वाट बघायची की शिडी आणायची, याबद्दल शास्त्र काहीच सांगत नाही.

शेवटचं काम घरून निघण्यापूर्वीच उरकावं: प्रत्येक तबकडीच्या पाठीवर पक्क्या शाईने आपलं नाव आणि फोन नंबर लिहावा. तिथे सापडलेली तबकडी मालकाला कळवण्याची चांगली रीत आहे. बदली तबकडी विकत घेऊन, बिल फाडून, गाडीत बसेपर्यंत थांबा, मेसेज येईल.