वाहवा, ३२० केबीपीएस

वडिलांच्या माघारी वाटण्या झाल्या तेव्हा धाकट्या भावाने कोकणातली कलमं घेतली आणि मी एकशे चाळीस कॅसेटी. कलमांना दरवर्षी आंबे येतात. कॅसेटींना बुरशी येते. ती पसरण्याआधी सगळं गाणं संगणकावर चढवून टाकायचं असं ठरवलं, आणि मग एकच किरकोळ प्रश्न उरला : कुठल्या क्वालिटीत? त्या किरकोळ प्रश्नाने माझे आठ महिने खाल्ले.

ज्यांना हा आजार झालेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सीडीवरचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेलं माप, तेही डाव्या कानाचं वेगळं आणि उजव्याचं वेगळं. त्याचे होतात सेकंदाला १,४११ किलोबिट, म्हणजेच १,४११ केबीपीएस, मिनिटाला साधारण दहा एमबी. माझा ऐवज पावणेदोनशे तासांचा, म्हणजे शंभर जीबीच्या वर. फ्लॅक नावाची पद्धत हाच माल काहीही न टाकता जवळजवळ निम्म्या जागेत बसवते. प्रवासाला निघताना बायको बॅग भरते तशी. एमपीथ्री म्हणजे मी भरलेली बॅग. जागा पुष्कळ उरते, कारण निम्मे कपडे घरीच राहिलेले असतात. ३२० केबीपीएसला मूळ आवाजाच्या चौथाईहून कमी जागा लागते, १२८ ला अकरावा हिस्सा.

काय घरी ठेवायचं हे एमपीथ्री कसं ठरवतं, तो भाग मात्र विलक्षण आहे. पंगतीत शेजारचा माणूस कढीचे भुरके मारत असेल तर आपल्या वाटीचा आवाज आपल्यालाही येत नाही. मोठा आवाज जवळपासच्या लहान आवाजाला झाकतो. शिवाय मोठा आवाज थांबल्यावरही कान क्षणभर बधिरच असतो. मग जे ऐकूच येणार नाही त्याच्यावर बिट कशाला खर्चायचे? या हिशेबावर जर्मनीत एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत वर्षानुवर्षं काम झालं. त्यातले कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग यांनी परीक्षेला सुझान व्हेगा यांचं ‘टॉम्स डायनर’ हे गाणं घेतलं होतं. साथीला एकही वाद्य नाही, नुसता गळा. झाकायला काही नसलं की चोरी लगेच पकडली जाते. माझं मत विचाराल तर त्यांनी आमचं भजनी मंडळही बोलवायला हवं होतं. झांजा आणि टाळ्या हे या पद्धतीचं जुनं दुखणं. ९६ केबीपीएसला झांजा ऐकल्या तर कोणीतरी ओल्या भाजीवर फोडणी घातलीय असं वाटतं.

खरं कॉम्प्रेशन आपल्याकडे त्याच्याही कितीतरी आधी झालं होतं. १९०२ साली गौहरजान यांनी कोलकात्यात ध्वनिमुद्रण केलं तेव्हा तबकडीत जेमतेम तीन मिनिटं मावत. त्या तीन मिनिटांत बंदिश, ताना, सगळं बसवून शेवटी स्वतःचं नावही सांगायला त्यांना वेळ उरे. आणि मी एका फाइलवर पाऊण तास घालवून ती १९२ ला करावी की २५६ ला, यावर रात्री उठून बसत होतो.

एका मित्राने पेनड्राइव्ह दिला. “सगळं तीनशेवीस!” ऐकून बघितलं तर १२८ च्या फाइली पुन्हा ३२० ला काढलेल्या. पातळ आमटी मोठ्या पातेल्यात ओतली म्हणून तिला घट्टपणा येत नाही, हे त्याला समजावण्यात एक रविवार गेला. तो अजूनही पातेलंच दाखवतो.

अखेर मुलगी म्हणाली, “बाबा, तू डोळे मिटून ओळखून दाखव.” जेवणाच्या टेबलावर परीक्षा मांडली. एका सीडीवरून काढलेला तोच तुकडा, एकदा फ्लॅक आणि एकदा १९२. ती पडद्यामागून लावणार, मी सांगायचं. सोळा फेऱ्या. मी कपाळाला आठ्या घालून तानपुऱ्याची जवारी, तबल्याच्या चाटेची धार, गवयाचा श्वास असं सगळं तपासून उत्तरं दिली. सोळापैकी आठ बरोबर आली.

“नाणं उडवलं असतंस तरी आठच आले असते,” मुलगी म्हणाली.

बायको चहा घेऊन आली तेवढ्यात तिला काहीतरी लागलेलं ऐकू आलं. “हे मघापेक्षा छान आहे.” ते ९६ होतं.

वर मुलीने पंधरा हजार हर्ट्झचा एक सूर लावला आणि लगेच स्वतःच कानात बोटं घातली. मी वाट बघत होतो. “लाव ना,” मी म्हणालो. ती म्हणाली, “कधीचा चालू आहे!” चोपन्नाव्या वर्षी कानाचा वरचा मजला रिकामा झालेला असतो, आणि मी त्या मजल्यासाठी फर्निचर बघत फिरत होतो. तसं बघायला गेलं तर वडिलांच्या त्या साध्या टेपांवरही इतक्या उंचावर फारसं काही नसतंच. होती ती टेपची खरखर.

पण खरा पेच पडला तो एकोणचाळिसाव्या कॅसेटीला. १९८३ चा गणपती, वाड्यातली बैठक, गायला एक फार गुणी बुवा. टेपरेकॉर्डर काकांचा, म्हणून तो काकांच्या मांडीशी. माईक यंत्रातच. त्यामुळे ध्वनिमुद्रणात बुवा दूर कुठेतरी आळीच्या टोकाला बसून मारवा गाताहेत आणि काका आपल्या कानात दाद देताहेत. बुवा समेवर आले की “वाऽह!” ताना संपवून सम गाठली की “क्याऽ बात है!” मध्ये एकदा अडकित्ता.

आता ही फाइल १२८ ला काढली की काय होतं बघा. एमपीथ्री आपला नियम प्रामाणिकपणे पाळतं. मोठा आवाज काकांचा, त्याने झाकलेला लहान आवाज बुवांचा, आणि तोही अगदी समेवर. म्हणजे ज्या क्षणासाठी बुवांनी पाच मिनिटं बांधणी केली त्याच क्षणी यंत्र काकांवर बिट उधळतं आणि बुवांच्या वाटणीला कात्री लावतं. १९२ ला कात्री जरा हात आखडते. ३२० ला बुवा पुष्कळसे वाचतात. फ्लॅकला काहीच जात नाही. बुवा होते तिथेच, आळीच्या टोकाला, आणि काकाही होते तिथेच. सुपारी कातरली तेव्हा ती चिकणी होती की भरडा तेसुद्धा कळतं.

शेवटी जे सगळे करतात तेच मी केलं. मूळ प्रती फ्लॅकमध्ये, दोन हार्डडिस्कांवर, त्यातली एक भावाकडे कोकणात. गाडीत आणि फोनवर १९२. बायको यातलंच काहीतरी स्वयंपाकघरात ऐकते. आवाज वाढावा म्हणून फोन स्टीलच्या पेल्यात उभा केलेला असतो आणि शेजारी मिक्सर चालू असतो.

काका आता सत्याऐंशीचे आहेत, कानाला यंत्र आहे. गणपतीत आठवण निघाली तेव्हा म्हणाले, “ती बैठक मला पाठव रे.” त्यांचा फोन शुभसकाळच्या गुलाबांनी कायम गच्च भरलेला, म्हणून ६४ ला, मोनो करून पाठवली. आठ महिन्यांच्या तपश्चर्येनंतर मी पाठवलेली सगळ्यात टाकाऊ फाइल. अर्ध्या तासात फोन आला.

“अरे, काय सुरेख आलंय! एकेक दाद कशी स्वच्छ!” क्षणभर थांबून त्यांनी विचारलं, “पण ते मागे कोण गातंय?”