केराचा आठवडा

स्टुटगार्ट
रविवार, दुपार (डाळ शिजेपर्यंत)

ती. आई, ती. बाबा आणि ती. आजी यांस,


आई, आधी सकाळचं प्रकरण मिटवू. तुझा फोन आला तेव्हा मी कुजबुजत बोललो ते आजारी होतो म्हणून नाही. माझ्या गळ्याला कुणी सुरीही लावली नव्हती. आणि खोलीत कुणीतरी झोपलं असणार, या ताईच्या तर्काला मी तिला वेगळं पत्र लिहून उत्तर देईन. तुमच्याकडे साडेनऊ म्हणजे इथे सकाळचे सहा. मी जिन्यात होतो. पायात नुसते मोजे, एका हातात झाडू, दुसऱ्या हातात तू. तू फोन ठेवून बापूकाकांना लावलास, बापूकाकांनी पुण्याला दादाला लावला आणि दादाने मला. त्याच्याशीही मी कुजबुजलो, म्हणून ते एवढं वाढलं. आता सगळं नीट लिहितो. बाबांनी मोठ्याने वाचून दाखवावं.

इथे एक प्रथा आहे, तिचं नाव केरवोखं. वोखं म्हणजे आठवडा आणि केर म्हणजे जवळपास केरच. हा शब्द त्यांनी आपल्याकडून नेला की आपण त्यांच्याकडून, ते बाबांनी निवृत्तीच्या वेळात शोधून काढावं. इमारतीत सहा बिऱ्हाडं आहेत. दर आठवड्याला एकाची पाळी. ज्याची पाळी त्याच्या दाराला एक पाटी अडकवली जाते, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावं की या आठवड्यात जिन्यावर कागदाचा कपटा दिसला तर कुणाकडे बघायचं. लहान केरवोखं म्हणजे आपल्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंतचा जिना झाडून पुसायचा. मोठ्यात अंगण, तळघराची वाट, पुढचा फुटपाथ आणि थंडीत बर्फसुद्धा. कोलंबस ज्या 1492 साली आपला देश शोधायला निघाला आणि भलतीकडे पोचला, त्याच साली इथे फर्मान निघालं होतं की प्रत्येकाने आपल्या दारातलं शेण आठवड्याच्या आठवड्याला गावाबाहेर नेऊन टाकावं. ज्याची त्याची निकड. शहराने 1988 मध्ये ही सक्ती काढून टाकली म्हणे. आमच्या भाडेकराराला ते कुणी कळवलेलं नाही.

बाबा, तुम्ही अभिमानाने सांगत असता की मुंबई आणि स्टुटगार्ट 1968 पासून भगिनी-शहरं आहेत. असतील. सख्ख्या बहिणींच्या स्वभावात एवढा फरक मी फक्त शकूआत्या आणि सांगलीच्या आत्यामध्ये पाहिला आहे.

तर या आठवड्यात पाटी आमच्या दारावर. माझ्याबरोबर राहणाऱ्या दोघांपैकी एक परीक्षेच्या नावाखाली गायब, दुसरा पाठदुखीच्या. आणि शनिवारी सकाळी माझा मित्र लंबू आणि आजी जिला बाहुली म्हणते ती मैत्रीण मला चालायला घेऊन जायला दारात उभे. जिना नंतर झाडू म्हटलं. इथेच माझं चुकलं.

मेट्सिंगेनला गाडी बदलून बाद उराखला गेलो. तिथल्या धबधब्यासाठी रेल्वेचं स्वतंत्र स्टेशन आहे. उतरलो की धबधबा, अशी माझी समजूत झाली. आंबोलीला आपण गाडीतून उतरतो, भजी सांगतो आणि भजी येईपर्यंत निसर्ग बघतो. इथे लंबूने नकाशा काढला आणि थेट वाट सोडून डोंगराला वळसा घातला. धबधबा 37 मीटर उंचीवरून पडतो, सुंदर आहे, पण तो दिसेपर्यंत माझे बूट चिखलाचे झाले होते. हे बूट लक्षात ठेवा. दहा किलोमीटर चालण्यात वाटेत चहाची टपरी एकही नाही. मी विचारलं, आपण कुठे चाललोय? बाहुली म्हणाली, चालायला. चालायला चालणं हे मला अजून जमत नाही. आपल्याकडे माणूस चालतो तो कुठेतरी पोचायला, नाहीतर डॉक्टरने सांगितलं म्हणून.

बाबांसाठी मुद्दाम: परतताना मला वाटेत तीन रिकाम्या बाटल्या सापडल्या. इथे अशी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की 25 सेंट परत मिळतात, म्हणजे युरोला शंभर धरले तर बाटलीमागे पंचवीस रुपये. यंत्र वजनात मारत नाही, घासाघीस करत नाही आणि 'साहेब, आता रद्दीला भाव नाही' असं म्हणत नाही. तुम्ही इथे आलात तर घरी परत जाणार नाही, अशी आईला भीती आहे ती खरी आहे.

संध्याकाळी लंबूच्या आईकडे जेवायला थांबलो. माउलटाशन केले होते. मोठ्या चौकोनी करंजीसारखे, आत सारण, सुपात सोडलेले. मूळ सारण मांसाचं, माझ्यासाठी पालकाचं. या पदार्थाची गोष्ट सांगतात ती अशी: माउलब्रोनच्या मठातल्या साधूंना उपवासाच्या दिवसांत कुठून तरी मांस मिळालं. टाकवेना. मग त्यांनी ते पालेभाजीत मिसळून पिठाच्या पारीत लपवलं, म्हणजे वरून देवाला दिसू नये. लोक याला लाडाने देवाला फसवणारे म्हणतात. मला इतकं हसू यायला लागलं की लंबूच्या वडिलांनी पाणी पुढे केलं. मग मी त्यांना बापूकाकांचं श्रावणातलं ऑम्लेट सांगितलं, पोळीखालचं. आणि आजीने पोळी उचलली तेसुद्धा. बापूकाका, तुमची कीर्ती आता इथे स्वाबियात पोचली आहे.

भेट म्हणून मी तुमच्या पार्सलमधलं भडंग नेलं होतं. लंबूच्या आईने विचारलं, हे कधी खातात? मी म्हटलं, केव्हाही. तिने वाडग्यात काढलं, मान डोलावली, फ्रिज उघडला आणि वर गार दूध ओतलं. आई, मी थांबवू शकलो असतो, पण तोंडातून शब्दच फुटेना. दुधावर लसणाच्या पाकळ्या तरंगत होत्या. तिने दोन चमचे खाल्ले आणि 'वेगळंच आहे' म्हणाली. बरणी तिने ठेवून घेतली.

पार्सलचं राहिलंच. मला कस्टमच्या कचेरीत बोलावलं होतं. 45 युरोपर्यंतची भेट सोडतात आणि बाबांनी यादी सुतळीच्या किमतीसकट लिहिली होती, त्यामुळे पैशाला हरकत आली नाही. मेतकुटाला आली. पिवळी पूड आहे, लेबल नाही, पुडी वर्तमानपत्राच्या कागदाची. मी म्हटलं, भातावर घालतात. म्हणाले, कशासाठी? सांगा आता. शेवटी मेतकूट सुटलं आणि तूप अडकलं. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ टपालाने आणता येत नाहीत. तूप म्हणजे दूध नव्हे, असा मी दहा मिनिटं वाद घातला. अधिकाऱ्याने शांतपणे विचारलं, मग कशापासून करता? तिथे हरलो. आजी, तू कढवलेलं तूप माझ्यासमोर निळ्या डब्यात गेलं. मी ते दृश्य बघायला थांबलो नाही.

तुमच्या पत्रात बंड्याचं ठरलं हे वाचून आनंद झाला. मुलगी मिरजेची आहे एवढंच लिहिलंय. मिरजेत काय एकच मुलगी आहे? शेजारच्या जोशीकाकूंनी आपली आंब्याची फांदी तोडली याबद्दल बाबांनी पोलिसांत जाऊ नये. त्यांनी कैऱ्या परत पाठवल्या असतील तर लोणचं घालून दोन बरण्या तिकडे द्या, विषय संपेल. शकूआत्याने घराला जांभळा रंग दिला त्याचा फोटो पाहिला. काही बोलत नाही. आईच्या गुडघ्याबद्दल मात्र कुणीच काही लिहीत नाही, म्हणजे दुखतोय.

इथे रविवारी दुकानं बंद, ड्रिल बंद, काचेच्या बाटल्या डब्यात टाकणं बंद. रविवारची विश्रांती थेट राज्यघटनेत आहे. 1919 च्या घटनेतलं कलम पुढच्या घटनेतही ठेवलंय. म्हणून मी आज डाळ उघड्या पातेल्यात शिजवतोय, तीही पाऊण तास. कुकरची पहिली शिट्टी झाली होती त्या दिवशी पाठदुखीवाला जिन्यापर्यंत धावला होता.

शांतता इतकी की फ्रिजचा आवाज ऐकू येतो. मागच्या रविवारी तुम्ही बोलता बोलता फोन ओट्यावर ठेवलात आणि जेवायला बसलात, आठवतं? नाही आठवणार. मी ठेवला नाही. चाळीस मिनिटं ऐकत होतो. खाली भंगारवाला ओरडत होता, आजी खलबत्त्यात काहीतरी कुटत होती. कुणी विशेष काही बोललं नाही. बाबांनी दोनदा मीठ मागितलं.

असो. जिना. काल रात्री घरी पोचायला साडेदहा झाले. दहानंतर आवाज चालत नाही, रविवारी झाडणं शोभत नाही. म्हणून पहाटे सहाला, कुणी उठायच्या आत, मोजे घालून उरकावं म्हटलं. तेवढ्यात तू, मग दादा. अर्ध्या जिन्यावर असताना तळमजल्यावरच्या आजीबाईंचं दार उघडलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या की जिना त्यांनी कालच संध्याकाळी झाडून पुसून ठेवलाय, कारण त्यांना तो तसा बघवेना. रात्री त्यावर चिखलाचे ठसे कुणी उमटवले, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

म्हणजे काम न करण्याचा एक गुन्हा आणि रविवारी करण्याचा दुसरा. पाटी पुढच्या आठवड्यातही आमच्याच दारावर आहे.

डाळ उतू जातेय. आजीला नमस्कार.

तुमचा,
बाळू

ता. क. शकूआत्याला हे वाचून दाखवू नका. मुलाला जर्मनीला झाडू मारायला पाठवलं म्हणेल. आणि पुढच्या पार्सलमध्ये तूप नको, केरसुणी पाठवा. इथला झाडू फार वाजतो.