संक्रांत आली पिचकारी घेऊन

मराठीत कुणावर संक्रांत आली की शेजारीपाजारी हळहळतात. थायलंडात तिची वर्षभर वाट पाहतात. हा फरक बँकॉकहून परतलेल्या भाच्यानं माझ्या डोक्यावर बादली ओतून मला समजावला. तारीख १३ एप्रिल, स्थळ पलसाणा, वेळ नळाचं पाणी येऊन गेल्यानंतरची.

"मामा, सोंगक्रान!" तो ओरडला. मला आधी तो नूडल्सचा प्रकार वाटला. मग कळलं, शब्द आपल्याच घरचा. संस्कृतातली संक्रांती समुद्रापलीकडे जाऊन जरा आखडली, एवढंच. सूर्य मेषेत शिरतो तेव्हा थाई लोकांचं पारंपरिक नवं वर्ष लागतं आणि १३ ते १५ एप्रिल तिकडे पाण्याचा दंगा चालतो. सूर्य बिचारा वर्षाला बारा संक्रांती करतो. आपण तिळगुळापुरती मकर ओळखतो. इथे गुजरातेत तर तिलाही उत्तरायण म्हणत पतंगाच्या दोरीला बांधलंय.

भाचा तयारीनिशी आला होता. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोच्या ज्या बैठकीत गरबा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेला, त्याच बैठकीत सोंगक्रानही गेला म्हणे. "म्हणजे गरब्याचा वर्गमित्रच की!" असं म्हणत त्यानं सोसायटीच्या टाकीला पाईप जोडला. बँकॉकच्या सिलोम रस्त्यावर लोक पिचकाऱ्या घेऊन कसे भिडतात, गालाला पांढरी माती कशी फासतात, ते तो भिजवता भिजवता सांगत होता.

आता मी रंगाईच्या मिलमधला माणूस. कधी पोपटी तर कधी जांभळा होऊन घरी येतो. मला भिजण्यारंगण्याचा सण शिकवणं म्हणजे हलवायाला पेढा भरवणं. त्यात आम्ही खान्देशी. तापी ज्या दिशेनं वाहते त्याच दिशेनं पोटामागे उतरत सुरत जिल्ह्यात आलेलो. आमच्याकडे पाण्याचा सण एकच, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. मातीची घागर भरायची, वर डांगर आणि आंबा ठेवायचा, पितरांना दाखवायची. पितरसुद्धा घागरीभर पाण्यात भागवतात. भाच्याला टाकी लागली.

टाकीचा तळ दिसायला आणि सोसायटीचे प्रमुख जिन्यात यायला एकच गाठ पडली. "पाणी केम बगाडो छो?" भाच्यानं त्यांना युनेस्को सांगून पाहिलं. प्रमुखांनी टँकरचा भाव सांगितला. युनेस्को हरलं.

तेवढ्यात आई बाहेर आली. "पानी फुकट शे का रे भो?" भाचा वरमला. मग हळूच म्हणाला, "आजी, खरी रीत निराळी आहे. घरातल्या थोरांच्या हातांवर थोडं सुगंधी पाणी सोडायचं आणि आशीर्वाद घ्यायचा. बुद्धमूर्तीलाही असंच पाणी घालतात. पिचकारी नंतर आली."

"मंग पहिले हाईच सांगानं ना!" आई म्हणाली आणि खाली परात मांडून बसली. तांब्यात मोगऱ्याची चार फुलं पडली, हातांवर धार पडली, आशीर्वादही पडला. परातीतलं पाणी तिनं एक थेंब न सांडता तुळशीला घातलं.

टँकरचे पैसे मी भरले. आखाजीला घागर भरू तेव्हा अवश्य या. पिचकारी आणू नका.